काच एकाची, मेण दुसऱ्याचं

१

काच एकाची आणि मेण दुसऱ्याचं. फोनवर विनीत एवढं एकच वाक्य धड बोलला, बाकी नुसती त-त-प-प. "सरोजताई, तुम्ही या. आजच या. रिक्षा करून या."

मी कोपरीत राहते. वागळे इस्टेटला जायला मला रिक्षा लागत नाही, बस पुरते. पण विनीत सामंत आता मोठा डॉक्टर झालाय, त्याची स्वतःची लॅब आहे. असा माणूस एका निवृत्त टेक्निशियन बाईला 'आजच या' म्हणतो तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन सरकलेली असते, हे कळायला फार अक्कल लागत नाही. मी रिक्षा केली.

मी सरोज निकाळजे. मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात चौतीस वर्षं मी बायोप्सीच्या काचा केल्या. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्या ठोकळ्याची केसाहून पातळ चकती कापायची, ती काचेच्या पट्टीवर घेऊन रंगवायची. डॉक्टर ती काच सूक्ष्मदर्शकाखाली बघून निदान लिहितात आणि मेणाचा ठोकळा जपून ठेवला जातो. काच आणि मेण एकाच माणसाचं असायलाच हवं, नाहीतर सगळा खेळच संपला. विनीतला हे काम मी शिकवलं. पहिल्या दिवशी त्यानं स्वतःचं बोट कापून घेतलं तेव्हा पट्टीही मीच बांधली, म्हणून अजून त्याला अरे-तुरे करते.

विनीतनं माझ्यासमोर एक पत्र टाकलं. मुंबईतल्या कॅन्सर हॉस्पिटलचं होतं. सिद्धेश तावडे, वय एकतीस, राहणार घोडबंदर रोड. पोटरीवर गाठ आली, सर्जननं काढली आणि तपासायला विनीतकडे पाठवली. नंबर २११७. विनीतनं काच पाहून लिहिलं, त्वचेतला आक्रमक लिम्फोमा, म्हणजे एक जातीचा कॅन्सर, असण्याची दाट शक्यता. मुलगा कॅन्सर हॉस्पिटलात गेला. त्यांनी पुढच्या तपासण्यांसाठी काच आणि मेण दोन्ही मागवली. काचेवर लिम्फोमा होताच. मेणात मात्र नुसती सुजलेली चरबी होती.

"म्हणजे पोरगा वाचला," मी म्हटलं.

"पोरगा वाचला. पण काच कोणाची तरी आहेच ना, ताई."

मी खुर्चीत बसले. हा आजार मी चौतीस वर्षांत तीनदा पाहिलाय. त्वचेखालच्या चरबीत उगवतो. आधी साधी गाठ वाटते, लोक शेकत बसतात. मग गाठी वाढतात, चिघळतात, ताप येतो, रक्त बिघडतं आणि हातात महिने उरतात, कधी आठवडेच. नमुना येऊन सात आठवडे झाले होते. सात आठवडे ते कोणीतरी आपल्याला काहीच झालेलं नाही असं समजून हिंडत होतं.

"त्या दिवशीचे चामडीचे बाकीचे नमुने?"

"चार होते. सगळे पुन्हा कापले. त्या आठवड्याचे कापले, मग अख्ख्या महिन्याचे." विनीतनं चष्मा काढून डोळे चोळले. "एकातही नाही. ताई, ज्याची ही काच आहे तो माणूस आमच्या लॅबमध्ये कधी आलेलाच नाही."

२

मी आधी काच पाहिली. निदान करणं माझं काम नाही, पण काच वाचता येते. चरबीत शिरलेल्या त्या काळ्यानिळ्या पेशी होत्याच. त्यांच्या वर, चामडीच्या थरात, आणखी काहीतरी होतं. अगदी बारीक, काळे कण.

"हे पाहिलंस?"

"हो. टॅटूची शाई."

"आणि सिद्धेशच्या पोटरीवर टॅटू आहे का हे कोणी विचारलं?"

कोणीच विचारलं नव्हतं. मला इतका राग आला की मी पाणी पिऊन घेतलं. हुशार माणसांचं हे असंच असतं. पेशी दिसतात, माणूस दिसत नाही.

लॅबमध्ये विनीत सोडून तीन माणसं. सुशांत हा टेक्निशियन, डोंबिवलीचा, सत्तावीसचा, हात चांगला पण जीभ त्याहून चपळ. करिश्मा समोर बसते, नमुने घेते, नंबर देते. आणि मीराबाई परब. पंचावन्नच्या, देवगडकडच्या, वीस वर्षं याच कामात. रंगवलेल्या काचांवर पातळ काच चिकटवणं, त्या ट्रेमध्ये लावणं आणि वहीत नोंद करणं हे त्यांचं काम.

ती वही विनीतनं उघडून माझ्यापुढे धरली. २११७ समोर मीराबाईंच्या मोठ्या, गोल अक्षरांत दोन शब्द होते: काच वाढवली.

"बघा. ह्या नंबरची एक काच जास्तीची केली. जास्तीची केली म्हणजे कुठून तरी कापली. कापतो सुशांत. आणि तो म्हणतो, मी जास्तीची काच केलीच नाही. सरळ खोटं बोलतोय. सोमवारी त्याला काढतोय मी."

सुशांतला मी मशीनच्या खोलीत गाठलं. मे महिना, पंखा बंद, कारण पंख्याच्या वाऱ्यानं चकत्या उडतात. त्यानं बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या आणि घाम गाळत उभा होता.

"मॅडम, आईशप्पथ, एकवीस-सतराची मी एकच काच कापलेली. मेणाचा एक ब्लॉक, एक काच. सर उगाच माझ्या मागे लागलेत."

"मग वहीत वाढवली कोणी?"

"मला काय माहीत? वही माझी नाय." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. खरं बोलणारा माणूस एवढा वेळ सुरी पुसत नाही. "मॅडम, घरात मी एकटाच कमावता. माझं नाव गेलं ना बाहेर, तर कुठली लॅब मला उभी करणार नाय."

"तुझं नाव जाईल तेव्हा जाईल. तिकडे एक जीव चाललाय."

त्याचा हात थांबला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात दारात मीराबाई चहा घेऊन उभ्या राहिल्या. सुशांतनं तोंड मिटलं.

३

करिश्माच्या मनगटावर टॅटू होता. बदामात कुणाचं तरी नाव, लाल आणि हिरवं. मी तिचा हात धरून उजेडात पाहिला तेव्हा ती लाजली.

"मॅडम, घरी माहीत नाहीये हां."

"मला नाव वाचायचं नाही, रंग बघायचाय." काचेतले कण निव्वळ काळे होते. लाल नाही, हिरवा नाही. मी तिचा हात सोडला. "मला सांग, नंबर न घेता नमुना आत जाऊ शकतो का?"

"आता नाही. आधी जायचा. घरचा नमुना बोलायचे सगळे. म्हणजे स्टाफच्या घरच्यांचा. सर फुकट करायचे, नोंद-बिंद नाही. मग लोक शेजाऱ्यांचे पण आणायला लागले. माझ्या मामाचा शेवटचा. फेब्रुवारीत सर जाम भडकले. बोलले, यापुढे बिननोंदीचा नमुना सापडला तर ज्यानं आणला त्यानं दुसऱ्या दिवशी यायचंच नाही."

घरचा नमुना. आमच्या रुग्णालयातही हे चालायचं. वॉर्डबॉयची आई, आयाची बहीण. माणुसकीच ती, पण वहीत न चढलेली माणुसकी. विनीतला सापडत नव्हता तो माणूस लॅबमध्ये आला होता, फक्त पुढच्या दारानं आला नव्हता.

म्हणजे आणणारा आतलाच. तो बोलत नव्हता, कारण बोलला की नोकरी जाणार.

मीराबाई आतल्या खोलीत काचांवर काचा चिकटवत बसल्या होत्या. अंगात लांब बाह्यांचा निळा कोट, बाह्या मनगटाशी रबरबँडनं आवळलेल्या. त्या रसायनांत बाहीचं टोक बुडलं तर वाट लागते, त्यामुळे मला त्यात वावगं वाटलं नाही. कपाळावर घाम होता, चेहरा ओढलेला होता. त्या कल्याण पूर्वेहून रोज येतात, नवरा गेल्याला सहा वर्षं झाली, लेक कुडाळला दिलेली, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

मी वही पुढे केली. "ही नोंद तुमची?"

"हो. माझीच."

"ही काच सुशांतनं वाढवली?"

"नाय ओ. त्याचं नाव कशाला घेऊ? माझ्याच हातून वाढवली. तशी मी लगेच जाऊन त्याला सांगितलं."

मी चाट पडले. अटेंडंट बाई स्वतः काचा करते? सुरीला हात लावते? आणि डॉक्टरला पत्ता नाही? माझा पारा चढला. चौतीस वर्षं ज्या शिस्तीत घालवली तिची ही गत पाहून मी त्यांना नको ते बोलले. तुमच्या अशा आगाऊपणापायी कुणाचा तरी जीव जातोय म्हणाले. त्यांनी मान खाली घातली. रागाच्या भरात मी उठून बाहेर आले, आणि जो एक साधा प्रश्न विचारायचा होता तो राहून गेला. आज इतक्या दिवसांनीही त्या पाच मिनिटांची मला लाज वाटते.

बाहेर आल्यावर विनीत म्हणाला, "बघा, दोघंही सामील आहेत. सोमवारी दोघांना काढतो."

"काढ. पण मग त्या माणसाचं नाव तुला कोण सांगणार?"

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घोडबंदर रोडला गेले. सिद्धेश तावडेचं घर एकोणिसाव्या मजल्यावर. कॅन्सर हॉस्पिटलचा निरोप त्यांना आदल्याच दिवशी मिळाला होता, मुलाला काहीही झालेलं नाही. मला वाटलं होतं घरात पेढे असतील. घरात तिघं नुसती बसून होती. सात आठवडे ज्यांनी मरणाची तयारी केली त्यांना जगायची तयारी एका दिवसात जमत नाही.

सिद्धेशनं लेंगा वर करून पोटरी दाखवली. पांढरी रेघ, बरी झालेली. टॅटू नाही. अंगावर कुठेच नाही.

"ज्याची ती काच आहे," तो म्हणाला, "त्याला माहीत आहे?"

"नाही."

"मला सात आठवडे माहीत होतं, काही नसताना. आणि त्याला माहीतच नाही." तो हसला, पण ते हसणं मला बघवलं नाही. "लवकर शोधा, मावशी. मी इंटरनेटवर सगळं वाचलंय. फार दिवस देत नाही तो."

त्याची आई, नंदाताई, पाणी घेऊन आल्या. रत्नागिरीकडच्या, बोलायला मोकळ्या. "रिपोर्ट आला ना त्या दिवशी मला सकाळपासून कसंतरीच होत होतं. भांडी घासता घासता हातातली बांगडी वाढवली. तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, आज काहीतरी ऐकायला मिळणार."

मी पेला तोंडाला लावला होता, तो तसाच खाली ठेवला.

"काय केलंत म्हणालात?"

"बांगडी हो, वाढवली. फुटली." त्या जरा ओशाळल्या. "फुटली म्हणू नये ना. बांगडी वाढवली म्हणायचं."

आमच्या घरात शुभ-अशुभ माझ्या वडिलांनी दाराबाहेर ठेवलं होतं. दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्याकडे फुटलेल्याला फुटलेलं म्हणतात आणि विझलेल्याला विझलेलं. शब्द मला माहीत नव्हता असं नाही. शेजारणी बोलतात, सासुरवाशिणी बोलतात. पण तो माझ्या कानाचा शब्द होता, जिभेचा नव्हता. आणि लॅबच्या वहीत, नंबराच्या पुढे, मला तो बांगडीचा शब्द दिसलाच नाही.

माझ्याच हातून वाढवली, असं म्हणाल्या होत्या मीराबाई. 'वाढवली म्हणजे काय?' एवढं मी विचारलं नव्हतं. म्हणजे काच त्यांनी केली नव्हती. सिद्धेशची काच त्यांच्या हातून फुटली होती. आजारी माणसाच्या नंबरापुढे 'फुटली' कसं लिहायचं म्हणून त्या बाईनं जपून, चांगला शब्द लिहिला होता.

वहीत जास्तीची काच नव्हतीच. एक काच कमी झाली होती. मग विनीतनं पाहिली ती कोणती?

५

"नारळाचं काय करतोस रे तू?" मी सुशांतला विचारलं.

तो गोंधळला. "काय करतो म्हणजे? फोडतो."

"आणि तुझी आजी?"

"ती पण... आजी बोलायची, नारळ वाढव." तो थांबला. पोरगा मठ्ठ नव्हता. त्याचा चेहरा बघता बघता पांढरा पडला. "मॅडम. मीराबाई मला बोलल्या, सतराची काच वाढवली. म्हणजे फुटली बोलत होत्या?"

"तू काय समजलास?"

"मी समजलो एक काच वाढलीय. एक्स्ट्रा." तो स्टुलावर बसला. आता त्याला लपवायला काही उरलं नव्हतं. "त्या दिवशी ट्रेमध्ये एक ब्लॉक बिननंबरी होता. मला वाटलं कुणाचा तरी दुसरा तुकडा असणार. कापला, काच केली, रंगवली. नंबर विचारणारच होतो. तेवढ्यात मीराबाई आल्या आणि हे बोलल्या. मला वाटलं, चला, मिळाला नंबर, सतराचाच दुसरा तुकडा आहे. मी पेन्सिलनं लिहिला २११७, वरची काच पण मीच चिकटवली आणि सरांच्या ट्रेमध्ये लावली. सरांनी विचारलं तेव्हा फाटली माझी. बिननंबरी काचेवर मी अंदाजानं नंबर टाकला, हे कसं सांगू?"

"आणि तो ब्लॉक?"

"दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये नव्हता. वाटलं, कपाटात गेला."

विनीत दारात उभा राहून सगळं ऐकत होता. सुशांतच्या हिशोबानं ट्रेमध्ये सतराच्या दोन काचा गेल्या. विनीतच्या हातात एकच आली, कारण खरी तर आधीच फुटून कचऱ्यात गेली होती. काच फोडणारीनं 'दुसरी कर' एवढंच सुचवलं होतं, आणि ऐकणाऱ्यानं भलत्याच माणसाची काच त्या जागी बसवली. कुणाच्या मनात पाप नव्हतं.

"पण बिननंबरी नमुना आणला कोणी?" विनीत म्हणाला. "करिश्मा?"

"करिश्माला तुझं मशीन उघडता तरी येतं का? तुकडा डबीत घालून मशीनमध्ये लावायला वर्षानुवर्षं बघितलेलं लागतं. सुशांतनं आणला असता तर स्वतःच्या माणसाच्या काचेवर दुसऱ्याचा नंबर टाकला नसता. तुला लपवायची गरज नाही. राहिलं कोण?"

विनीतनं आतल्या खोलीकडे पाहिलं. खोली रिकामी होती.

"त्यांच्या घरातलं कोण असेल?" सुशांत म्हणाला. "त्या तर एकट्याच राहतात."

मला पुन्हा ती काच डोळ्यांपुढे आली. निव्वळ काळी शाई, खोल गेलेली, जुनी. आजकालच्या पार्लरमधली नव्हे. गावच्या जत्रेत, सुईनं, काजळी भरून काढलेली. आम्ही तिला टॅटू म्हणतच नाही. गोंदण म्हणतो. कोकणातल्या, देशावरच्या माझ्या वयाच्या बायकांच्या हातांवर कोपराखाली तुळस असते, नवऱ्याचं नाव असतं. आणि मे महिन्यात, पंखे बंद असलेल्या लॅबमध्ये, सुशांतनं बाह्या दुमडल्या होत्या आणि एक बाई मनगटाशी रबरबँड लावून बसली होती.

"मीराबाई कुठे आहेत?" मी विचारलं.

करिश्मानं समोरून हाक दिली. "त्या आज आल्या नाहीत, मॅडम. सकाळी फोन आलेला. ताप आहे बोलल्या. चार दिवस झाले, उतरतच नाहीये."

६

विनीतनं गाडी काढली. शीळफाट्याला तासभर अडकलो. तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिला, आणि एकदा म्हणाला, "ताई, ती नोंदीची सक्ती मी केली नसती तर?" सक्ती बरोबर होती. ती करताना ज्या आवाजात केली तो चुकीचा होता, आणि आदल्या दिवशी माझाही आवाज तसाच होता.

कोळसेवाडीतल्या चाळीत, पहिल्या मजल्यावर, दार उघडंच होतं. मीराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. आम्हाला पाहून उठायला गेल्या आणि उठता आलं नाही. घरात त्यांच्या अंगावर कोट नव्हता.

डाव्या हातावर कोपराखाली काजळीचं, चामडीखालून हिरवट दिसणारं गोंदण होतं, तुळशीवृंदावनाचं. त्याच्या मधोमध टाक्यांची जुनी खूण, आणि तिच्या भोवती चार नव्या गाठी. एक फुटून चिघळली होती. तिच्यावर हळद लावली होती.

"कामावरून काढायला आलात?" त्यांनी विचारलं.

"नाही." मी त्यांच्याजवळ खाली बसले. "काल मी तुम्हाला नको ते बोलले. चूक माझी होती. आधी ते ऐका."

त्यांनी मान हलवली. मग हळूहळू सगळं सांगितलं. इथल्याच एका सर्जननं गाठ काढली, बाटली हातात दिली आणि तपासून घ्या म्हणाला. त्यांनी ती पिशवीतून लॅबमध्ये नेली आणि सगळे जेवायला गेले तेव्हा तुकडा मशीनमध्ये लावला, मग मेणात बसवून सुशांतच्या ट्रेमध्ये सरकवला. डॉक्टरांचा मूड बघून एक दिवस काच दाखवायची, असं ठरवलं होतं. पण त्या दिवशी सतराची काच हातातून निसटली. त्या सुशांतला सांगून आल्या आणि थोड्या वेळानं बघायला गेल्या तर त्यांची स्वतःची काच जागेवर नव्हती.

"मेण मी घरी आणून ठेवलं. कोणाच्या हाती लागलं तर नोकरी जायची." उशाखालून त्यांनी औषधाची रिकामी डबी काढली. कापसात गुंडाळलेला मेणाचा ठोकळा होता, सुपारीएवढा. "काच डॉक्टरांच्या ट्रेमध्ये गेली असणार हे मी ओळखलं होतं. मी रोज वाट बघायची. बिननंबरी काच बघून ते ओरडतील, विचारतील, कोणाची म्हणून. पण ते काहीच बोलले नाहीत. डॉक्टर बोलले नाहीत म्हणजे वाईट नसणार. माका वाटला, बरा असात."

विनीत दाराशी उभा होता. त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

"मीराबाई, इतके दिवस लॅबमध्ये एवढा गोंधळ चाललाय. ती काच आपली असेल, असं एकदाही मनात आलं नाही?"

त्यांनी चिघळलेल्या गाठीवरची हळद बोटानं सारखी केली. "आलं. नाय कसं येणार? पण म्हटलं, वाईट बोलायचं नाय, वाईट आणायचं नाय. रात्री झोप लागायची नाय, तेव्हा दुसरंच काहीतरी आठवत बसायची."

मग मी सांगितलं. आजाराचं नाव, त्वचेतून रक्तात कसा जातो ते, आणि आजच्या आज हॉस्पिटलात जायला हवं हेही. शब्द गोड केले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर पहिला प्रश्न विचारला तो असा:

"तो सतराचा मुलगा? त्याला सांगितलंत का, तुला काय नाय म्हणून?"

"सांगितलं. काल."

"देवा," त्या म्हणाल्या. "आईच्या जिवाला काय झालं असेल." आणि लुगड्याच्या पदरानं हात झाकून घेतला.

७

कॅन्सर हॉस्पिटलात त्या दिवशी संध्याकाळच्या आत रक्त तपासलं गेलं. तो मेणाचा ठोकळाही मी स्वतः नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं. चाकाच्या खुर्चीत मीराबाई, मागे मी. विनीत बाहेर बाकावर बसला होता, त्याच्या शेजारी सुशांत. आत यायची दोघांचीही छाती नव्हती.

डॉक्टर तरुण होते, मराठी बोलणारे. त्यांनी कागद चाळले. पहिली गाठ कधी आली हे विचारलं. अकरा आठवडे, मीराबाईंनी सांगितलं. ताप कधीपासून? पाच दिवस. डॉक्टरांनी हात तपासला, पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. रक्ताचे आकडे पुन्हा एकदा वाचले. मग पेन घेऊन लिहायला लागले. भिंतीवरच्या घड्याळात दोन मिनिटं गेली, तीन गेली. ते लिहीतच होते.

मी ते आकडे खुर्चीमागून वाचले होते. पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. सात आठवड्यांपूर्वी ते असे नसणार, हे समजायला मला डॉक्टरकी लागत नव्हती.

मीराबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तापानं डोळे लाल झाले होते, पण चेहऱ्यावर थोडीशी आशा होती. त्या अगदी हळू, डॉक्टरांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाल्या,

"काय बोलत नायत. म्हणजे बरंच असणार ना, सरोजताई?"

हो म्हणावंसं मला वाटलं. खरंच वाटलं. खोटं बोलून त्या बाईला आणखी दोन मिनिटं सुखाची द्यावीत, एवढी माया मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल वाटली.

"नाही, मीराबाई," मी म्हटलं. "बोलत नाहीत याचा अर्थ काहीच नसतो. आपण विचारायचं."

आणि मी डॉक्टरांना विचारलं, मोठ्यानं, त्यांच्यासमोर. आजार कुठवर गेलाय, उपाय काय आहे, किती आशा आहे, आणि हे सात आठवडे वाया गेले नसते तर किती असती.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. खुर्ची पुढे ओढून ते मीराबाईंच्या समोर बसले आणि चारही प्रश्नांची उत्तरं त्यांना दिली, एकेक करून. शेवटचं उत्तर देताना त्यांचा आवाज खाली गेला. मीराबाईंनी सगळं ऐकलं. मग माझा हात दोन्ही हातांनी धरला आणि रडल्या. मीही रडले.